मुंबईच्या आश्रयास आलेला जेम्स चुमा

निर्वासित हा शब्द आपल्या भागातील मुलांस परका नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा सिंध प्रांत सोडून आलेल्या कुटुंबांस गोवंडीच्या शेजारीच, चेंबूर येथे, छावणीत आश्रय मिळाला. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज याच परिसरात नांदत आहेत. परंतु त्याच्याही ऐंशी-पंचाऐंशी वर्षे आधी एक आफ्रिकन मुलगा असाच मुंबईच्या आश्रयास आला, येथील मिशनच्या शाळेत शिकला आणि पुन्हा आपल्या खंडात परत गेला. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या चरित्रात जेम्स चुमा हे नाव सर्वत्र आढळते. मात्र स्वतः चुमाचे चरित्र कोणी सांगत नाही. ते थोडक्यात येथे देण्याचे योजिले आहे.

चुमाचा जन्म इ. स. १८५० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत, न्यासा सरोवराच्या बाजूच्या मुलखात, याओ नावाच्या जमातीत झाला. या सरोवरास आज मलावी सरोवर म्हणतात. त्या काळी तो सारा प्रदेश गुलामांच्या व्यापाराने पोखरून निघाला होता. समुद्रकिनाऱ्यावरून कापड व बंदुका येत आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे जात. चुमा लहान असतानाच त्याच्या स्वजातीयांनी त्यास विकले. १८६१ च्या जुलै महिन्यात शिरे नदीच्या वरच्या डोंगराळ भागातून गुलामांचा एक तांडा चालला असता लिव्हिंग्स्टन साहेब व बिशप मॅकेन्झी यांची त्याशी गाठ पडली. हाकणारे पळून गेले. पुरुषांच्या मानांत अडकवलेले दुबेळक्याचे जाड लाकूड करवतीने कापावे लागले, आणि त्याच लाकडांचा जाळ करून सुटलेल्या लोकांनी आपले जेवण शिजविले! एकंदर ८४ जीव मुक्त झाले. त्यांत बहुतेक बायका व मुले होती, आणि त्यांतच सुमारे अकरा वर्षांचा चुमा व त्याचा सोबती विकातानी हे होते.

मुक्त झालेल्या मुलांनी जावे कोठे? घरच्यांनीच विकलेल्या मुलास घरी धाडणे म्हणजे पुन्हा बाजारात धाडणे. मागोमेरो येथे बिशपांनी त्यांस आपल्याजवळ ठेवून घेतले. परंतु पुढील वर्षीच बिशप वारले, दुष्काळ पडला, ताप व लढाया यांनी ती वसाहत मोडली. तेव्हा लिव्हिंग्स्टन साहेबांनी या दोन मुलांस आपल्या ‘लेडी न्यासा’ या चिमुकल्या आगबोटीवर घेतले आणि ३० एप्रिल १८६४ रोजी झांजीबारहून मुंबईची वाट धरली. अंतर अडीच हजार मैल, कोळसा थोडा, पावसाळा तोंडावर आलेला. बोटीवर तिघे गोरे व सात आफ्रिकन खलाशी, ज्यांतील कोणीही पूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता. पंचेचाळीस दिवसांनी, १३ जून रोजी, ती बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की तिच्या येण्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

त्या वर्षीची मुंबई विलक्षण होती. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेअरांचे वेड घरोघर शिरले होते. कोटाचा तट पाडून नवे शहर उभारले जात होते. गुलामीतून सुटलेली ही दोन पोरे अशा गजबजाटात येऊन पडली. डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेत त्यांची व्यवस्था झाली. आजचे विल्सन कॉलेज याच विल्सन साहेबांचे नाव चालविते. तेथे चुमा इंग्रजी शिकला, आणि १८६५ च्या डिसेंबरात बाप्तिस्मा घेऊन तो जेम्स चुमा झाला. याच वेळी नाशिकजवळ शरणपूर येथेही गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली पुष्कळ आफ्रिकन मुले मिशनच्या आश्रमात वाढत होती व सुतारकाम, लोहारकाम शिकत होती.

१८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन साहेब नव्या शोधयात्रेकरिता मुंबईहून निघाले, तेव्हा नाशिकची नऊ मुले, काही शिपाई, आणि चुमा व विकातानी त्यांच्यासंगे होते. मार्चमध्ये रोवुमा नदीच्या उत्तरेस ते आफ्रिकेच्या भूमीवर उतरले. मायदेश आला खरा, पण कसा? वाटेत ओस पडलेली गावे, चालवेना म्हणून झाडाशी बांधून टाकलेल्या गुलामांची प्रेते. हाच चुमाच्या जमातीचा मुलूख, आणि माणसे विकणाऱ्यांत ती जमातच पुढे होती.

सप्टेंबरात सरोवराच्या दक्षिण टोकाशी विकातानीस आपले नातलग भेटले व तो तेथेच राहिला. चुमाने मात्र त्या सुमारास एक विचित्र गोष्ट धरून ठेविली. आपणांस याओंनी विकलेच नाही, मांगांजा लोकांनी धरून विकले, असे तो निक्षून सांगू लागला. कोणी याओ आपले मूल विकीत नाही, असे त्याचे म्हणणे. विकातानीस त्याच्या बापानेच विकले होते, याची आठवण दिली तर तेही तो नाकारी. लिव्हिंग्स्टन साहेबांस याचे नवल वाटले. आम्हांस ते तितकेसे वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपल्या देशास परत आला आहे. त्या देशाने आपणांस टाकले होते हे मनात ठेवून तो तेथे पाऊल कसे टाकील?

पुढील सात वर्षांची हकीकत लांब आहे. सोबती पळाले, औषधांची पेटी गेली, १८७१ साली उजिजी येथे स्टॅन्ले साहेबांची भेट झाली. १ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या नायकाच्या गावी (हे स्थळ आज झांबिया देशात आहे) लिव्हिंग्स्टन साहेब निवर्तले. तेव्हा चुमा व सुसी हे दोघे मंडळींचे पुढारी होते. साहेबांस तेथेच पुरून निघून जाणे सोपे होते. प्रेताची त्या मुलखात सर्वांस भीती वाटे, आणि ते नेताना सापडले तर जिवावर बेतण्याचा संभव होता. तरी त्यांनी ठरविले की साहेबांस त्यांच्या देशी न्यावयाचे. हृदय एका झाडाखाली पुरले; शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली. देह मीठ घालून सुमारे चौदा दिवस उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवून डांबर लावले, आणि मंडळी चालू लागली.

उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पुढे कासेकेरा येथे गावकऱ्यांनी प्रेतास वाट नाकारली, तेव्हा यांनी धान्याच्या ताटांची एक मोळी कापडात बांधून प्रेत माघारी धाडल्याचा देखावा केला, आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. १८७४ च्या फेब्रुवारीत, हजार मैलांहून अधिक चालून, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते, त्याने दुसऱ्यास घरी पोहोचविले.

किनाऱ्यावर चुमा व सुसी यांचा हिशेब चुकता करून त्यांस निरोप देण्यात आला. देहाबरोबर विलायतेस गेला तो एकटा वेनराइट. १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा या दोघांपैकी कोणीही तेथे नव्हता, आणि ही गोष्ट वाचताना आजही मनास लागते. नंतर लिव्हिंग्स्टन साहेबांचे मित्र जेम्स यंग यांनी स्वखर्चाने दोघांस इंग्लंडला नेले. तेथे साहेबांच्या अखेरच्या रोजनिशा छापण्यासाठी सिद्ध होत होत्या. त्यांतील स्थळे व प्रसंग चुमा व सुसी यांनी उलगडून सांगितले नसते तर पुष्कळ भाग अंधारात राहिला असता. भूगोल संस्थेने सर्व मंडळींकरिता पदके पाडली.

चुमा पुन्हा आफ्रिकेत गेला व झांजीबारच्या मिशनकरिता काफिले नेऊ लागला. १८७६ साली त्या मिशनने मुक्त गुलामांस त्यांच्या मुलखाकडे परत नेण्यास आरंभ केला. ती माणसे न्यासा सरोवरापर्यंत न जाता वाटेतच, मासासी येथे, वसली. १८७९ मध्ये भूगोल संस्थेच्या मोहिमेचे नायक कीथ जॉन्स्टन वाटेत वारले, आणि त्यांच्या जागी आलेले जोसेफ टॉमसन अवघे एकवीस वर्षांचे होते. तो सारा काफिला ज्याच्या शब्दावर चाले, तो पुढारी चुमाच होता. त्यास अनेक भाषा येत. नायकांशी बोलणी करण्यात व भांडणे मिटविण्यात त्याचा हातखंडा होता.

१८८२ साली क्षयाने झांजीबार येथे त्याचा अंत झाला. वय बत्तीसच्या आसपास होते. मुंबई सोडल्यापासून सोळा वर्षांत तो मध्य आफ्रिकेत कित्येक हजार मैल चालला; मात्र जन्माच्या गावी तो पुन्हा राहावयास गेला नाही.