पहाटेची शाळा

लहान मुलांना घरीच शिकवायचं तर सुरुवात कशी करायची, असं कुणी विचारलं की मला लक्ष्मीबाई डोंगरे आठवतात. पंडिता रमाबाईंच्या आई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. बाईमाणसानं संस्कृत शिकणं तेव्हा लोकांना खपत नव्हतं. तरी अनंतशास्त्र्यांनी बायकोला शिकवलं आणि विरोध झाला तेव्हा रानात बिऱ्हाड थाटलं. पुढे ते थकले. मग धाकट्या लेकीला शिकवायचं काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतलं. पण वेळ कुठून काढायचा? कुटुंब सतत तीर्थयात्रेत, दिवसभर कामाचा रगाडा. त्यांनी पहाट धरली. झोपेतल्या लेकीला जवळ घ्यायचं, मायेनं जागं करायचं आणि धडा म्हणून घ्यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

१८७४ साली उपासमारीत आईवडील दोघंही गेले. सोळा वर्षांच्या रमाबाईंपाशी पैसा नव्हता, विद्या तेवढी होती. तिच्याच बळावर १८७८ साली कलकत्त्यात त्यांना पंडिता ही पदवी मिळाली. १८८७ साली अमेरिकेत निघालेलं आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं.

मैत्रिणींनो, महागडी पुस्तकं, तक्ते नंतर आणता येतील. आधी रोजची एक ठरलेली वेळ धरा, अर्ध्या तासाची का होईना. आणि हो, लेकीच्या आधी लक्ष्मीबाई स्वतः शिकल्या होत्या, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.