कार्ल झीगलर

प्लॅस्टिकची बादली विहिरीवर नेतांना तिच्यामागें एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे कित्येक वर्षांचे परिश्रम आहेत, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ते शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल झीगलर होत. कासेलनजीक हेल्सा ह्या गांवीं, एका ल्यूथरपंथी पाळकाच्या घरीं, २६ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्यांचा जन्म झाला. मारबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरची पदवी त्यांनीं १९२० सालींच संपादन केली.

पुढें हायडेलबर्ग व हाले येथें अध्यापन करीत असतां त्यांनीं ज्या पदार्थांचा ध्यास घेतला, ते मोठे दांडगे. लिथियम, ॲल्युमिनियम अशा धातूंचा कर्बयुक्त गटांशीं संयोग होऊन ते बनतात. त्यांपैकीं ट्रायएथिल ॲल्युमिनियम हा द्रव हवा लागतांच पेट घेतो आणि पाण्याशीं गांठ पडतांच त्याचा भडका उडतो. म्हणून सारें काम नायट्रोजनसारख्या वायूच्या आवरणाखालीं करावें लागतें.

१९४३ सालीं म्युलहाइम येथील कोळसा-संशोधन संस्थेचें संचालकपद त्यांजकडे चालून आलें. आपण कोळशापुरतें स्वतःस बांधून घेणार नाहीं, ही अट मान्य झाल्यावरच त्यांनीं तें स्वीकारलें. त्यांच्या पुढील यशाचें मूळ, मला वाटतें, ह्या अटींतच आहे.

ॲल्युमिनियमच्या संयुगांत एथिलीन वायूचे रेणू एकामागून एक शिरून कर्बाची सांखळी वाढत जाते, असें त्यांस आढळलें होतें. परंतु एका प्रयोगांत सांखळी वाढेना. भलताच ब्यूटीन वायू हातीं आला. दुसऱ्या कोणी तो प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. झीगलर व त्यांचे शिष्य होल्झकांप ह्यांनीं कारणाचा छडा लावला, तों पोलादी पात्रांतील निकेलचा लेशमात्र अंश हा उपद्व्याप करीत असल्याचें दिसून आलें. निकेल सांखळी तोडतें, तर इतर धातू काय करतील? एकेक धातू तपासतां तपासतां झिर्कोनियम व त्यामागून टिटॅनियम सांपडलें. पूर्वीं एथिलीनचें प्लॅस्टिक बनविण्यास हजाराहून अधिक वातावरणांचा दाब लागे. १९५३ च्या अखेरीस टिटॅनियम टेट्राक्लोराइड व ॲल्युमिनियमचें संयुग ह्यांच्या मिश्रणानें तेंच काम साध्या दाबाखालीं होऊं लागलें. शिवाय सांखळ्या सरळ असल्यामुळें हें नवें प्लॅस्टिक अधिक कणखर निघालें.

इटलीचे ज्युलिओ नात्ता ह्यांनीं १९५४ सालीं अशाच उत्प्रेरकानें प्रॉपिलीनचें प्लॅस्टिक तयार केलें, व १९६३ चें नोबेल पारितोषिक उभयतांस विभागून मिळालें. पेटंटांपासून आलेल्या द्रव्याचा मोठा वांटा झीगलर ह्यांनीं आपल्या संस्थेच्या संशोधनासाठीं निधि म्हणून दिला. ऑगस्ट १९७३ मध्यें म्युलहाइम येथेंच त्यांचें देहावसान झालें.