शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

मूल एकदा शाळेत घातले की त्याच्या शिक्षणाची काळजी मास्तरांनी आणि बाईंनी करावी, अशी आपल्याकडे पुष्कळ घरांची समजूत असते. मुलाच्या घरी काय चालते त्याच्याशी आपला संबंध नाही, अशी कित्येक शाळांची समजूत असते. या दोन्ही समजुती खोडून काढण्यात जिने आपले आयुष्य वेचले, अशा एका स्त्रीची ओळख मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने करून द्यावी असे मनात आले. आपल्यापैकी अनेकींची मुले-नातवंडे अंगणवाडीत जाऊन आली. परंतु अंगणवाडी हे नाव आणि ती कल्पना ज्यांच्या कामातून आली, त्या ताराबाई मोडक यांची माहिती मात्र थोड्याच जणींना असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आणि आई उमाबाई यांचा त्यांच्याशी झालेला विवाह हा पुनर्विवाह होता. विधवेचे लग्न म्हणजे घोर पाप असे मानणारा तो काळ. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोकनिंदेला तोंड देण्याचे बाळकडू लहानपणीच मिळाले असल्यास नवल नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण संसारात सुख लाभले नाही आणि १९२१ साली घटस्फोट झाला. आजही ज्या प्रसंगी बाईच्या पायाखालची जमीन सरकते, त्या प्रसंगातून त्या शंभर वर्षांपूर्वी गेल्या. पदरी लहान मुलगी होती. ताराबाईंनी नोकरी धरली आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान मिळवला.

मान होता, पगार होता, स्थैर्य होते. तरी १९२३ साली ते सर्व सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. पुढे मुलांमध्ये असे रमले की गुजरातेत लोक त्यांना कौतुकाने 'मिशाळ आई' म्हणू लागले. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा दोघांनी अभ्यास केला, ती आपल्या मुलांना मानवेल अशी करून घेतली आणि बालशिक्षकांना शिकवण्याचीही सोय केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. त्याच्या 'शिक्षण पत्रिके'चा रोख शिक्षकांइतकाच आईबापांवर होता. मुलाला मारू नये, भिववू नये, आमिष दाखवू नये, हे शाळेने पाळले आणि घरी मात्र छडी व बागुलबुवा चालू राहिला, तर शाळेचे श्रम वाया जातात हे दोघांनी ओळखले होते. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या. पत्रिकेची मराठी आवृत्ती त्यांनी चालवली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला.

इथपर्यंतचे काम शहरातील, बहुतेक सुस्थितीतील मुलांसाठी होते. ही गोष्ट ताराबाईंना टोचत असली पाहिजे, कारण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसे निवृत्तीचे बेत करतात तेव्हा, त्यांनी खेड्याची वाट धरली. डिसेंबर १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे कष्टाने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा मांडण्याआधीच संपलेला. या दोघींनी मिळून शेकडो मुलांचा संसार केला.

बोर्डीत बालवाडी निघाली खरी. पण जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती दलित वस्तीतील मुलेच तिकडे फिरकेनात. आईबापांना शिक्षणाची पर्वा नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई वस्तीत गेल्या तेव्हा खरी कारणे दिसली. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मागे राहिलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ती शाळेत गेली तर त्या पोराला कोण पाहणार? मग दोघींनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तिथेच मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग खेळ, गाणी, गोष्टी सुरू करायच्या. हीच अंगणवाडी. शाळा दारात आल्यामुळे आया-आज्यांना ती डोळ्यांनी पाहता येऊ लागली, आणि जे डोळ्यांनी दिसते त्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? त्यांच्या जागी शंख-शिंपले, गारगोट्या, बिया आणि पाने आली. मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे हे सारे त्यांतून साधू लागले.

१९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. येथे अडचणी आणखी बिकट. जी मुले गुरे राखत, त्यांच्या रोजच्या कामावर घराची भाकर अवलंबून. त्यांना शाळेत बसवणे म्हणजे त्या घरावर अन्याय करणे. तेव्हा शिक्षकच साधनांची पिशवी घेऊन गुरांच्या मागे कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा झाली. आणि धाकट्या भावंडाच्या प्रश्नावर विकासवाडीचा तोडगा निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. थोरलीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि शेजारी आपल्या वर्गात बसावे. मुलगी शाळेत आली ती अशी.

विकासवाडीचा दुसरा फायदा शिक्षकांच्या दृष्टीने मोठा आहे. पाळणाघर सांभाळणारी, बालवाडीची बाई आणि प्राथमिकचे गुरुजी एकाच आवारात असल्यामुळे मूल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना परके होत नाही. ते कशाला भिते, कशात रमते, घरी कोण आजारी आहे, हे पुढच्या शिक्षकाला आधीच कळलेले असते. ताराबाई आणि अनुताई यांचे नातेही याच जातीचे होते. ताराबाईंनी विचार मांडावा, लिहावे, दिशा दाखवावी. अनुताईंनी तो रोजच्या कामात उतरवावा आणि जिथे अडेल तिथे दोघींनी बसून बदल करावा. अशी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची जोडी आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, काम पुढे चालवले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत.

नाव सर्वत्र पोहोचले. त्यामागची वृत्ती किती पोहोचली याचा विचार आपण करायला हवा. आपल्या शेजारचे एखादे मूल शाळेत दिसेनासे झाले, तर त्याच्या आईला दोष देण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन यावे. जमल्यास त्याच्या बाईंनाही बरोबर न्यावे. घरात आजारपण असेल, धाकटे भावंड असेल, आईची पाळी बदलली असेल. कारण कळले की चार घरे मिळून काही ना काही वाट निघते. तान्हे मूल तासभर सांभाळणे, शेजारच्या पोराला आपल्या मुलाबरोबर शाळेत पोहोचवणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकीच्या हातात आहे. येत्या वर्षी मंडळाने एवढे जरी मनावर घेतले, तरी ताराबाईंचे स्मरण केल्यासारखे होईल.