हत्तीपायाच्या गोळीचे डॉ. सुब्बाराव

आशाताई आपल्याला हत्तीपायाच्या गोळ्या देतात. मागच्या खेपेला मी त्या गालात धरल्या आणि ताई गेल्यावर मोरीत थुंकल्या. घरी कुणाला माहीत नाही. आता आई इथे वाचेलच. त्या गोळीमागचा माणूस कोण हे गुरुजींनी सांगितले, म्हणून मी हे चरित्र लिहीत आहे.

डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. काशीला केळी विकून पैसे मिळवायचे म्हणून ते लहानपणी घरातून पळाले. आईने परत आणले. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. (हे आमच्या दादाने वाचावे.) त्यांचे दोन भाऊ संग्रहणीच्या रोगाने थोड्याच दिवसांत वारले. मग ते मद्रासला डॉक्टरी शिकले आणि पुढे अमेरिकेत बोस्टनला गेले. तिथे पोटासाठी ते रात्री इस्पितळात हलकी कामे करायचे.

१९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या हाताखालच्या लोकांनी १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व तयार केले. संग्रहणीवर त्याचा उपयोग होतो, पण भाऊ तर केव्हाच गेले होते.

नंतर त्यांनी फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा, पण थोडा बदललेला पदार्थ बनवला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढतात. वाढायला त्यांना फॉलिक ॲसिड लागते. त्या हा खोटा पदार्थ घेतात आणि वाढ अडते. आमच्या ट्रंकेच्या कुलपात दुसरीच किल्ली अडकली, मग खरी जाईचना, तसेच हे. बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ते औषध फार आजारी असलेल्या १६ मुलांना दिले. १० मुलांना बरे वाटू लागले. ते थोडे दिवसच टिकले, पण त्याआधी काहीच उपाय नव्हता. त्याच जातीचे मेथोट्रेक्झेट हे औषध आजही देतात.

हत्तीपायाचे औषध १९४७ चे. एक पदार्थ बनवायचा, जंत झालेल्या उंदरांना द्यायचा, मग त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. जमले नाही की पदार्थात फेरफार करून पुन्हा तेच. असे करता करता डायएथिलकार्बामाझिन सापडले. (हे नाव मी तीनदा खोडून लिहिले.) ते रक्तातली जंतांची बारीक पिल्ले मारते, मग डास ती दुसऱ्याकडे नेऊ शकत नाही.

डॉ. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये अमेरिकेतच झोपेत वारले. वय ५३ होते. आई आणि बायको इकडे होत्या, त्यांची परत भेट झालीच नाही. १९९५ मध्ये आपल्या सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

माझ्या आजीचा डावा पाय सुजून जड झालाय. तो आता बारीक होणार नाही असे डॉक्टर म्हणाले. ती रोज साबणाने धुते, मी तांब्याने पाणी घालतो. तिच्या लहानपणी आमच्या गावात ही गोळी आली नव्हती.

या वेळी मी जेवल्यावर दोन्ही गोळ्या ताईंच्या समोर गिळल्या. जरा मळमळले.

— इयत्ता ४ थी