भिंतीवरच्या जगाचा कारागीर

ग्रीनलंड केवढं, असं कुणी विचारलं की डोळ्यांपुढे भिंतीवरचा नकाशा येतो. तिथे ते जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आणि आफ्रिका तीन कोटींच्या वर. म्हणजे एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट आहे! महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आणि फिनलंड ३ लाख ३८ हजार. फरक फक्त दहा टक्क्यांचा, पण नकाशात फिनलंड आपल्या राज्याच्या जवळपास पाचपट दिसतं. बँकेत असताना माझ्या टेबलासमोर असाच नकाशा टांगलेला असे. ज्याचं आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेलं, त्याला ही तफावत खटकणारच. तिचा माग काढता काढता मी जेरार्डस मर्केटर या माणसापाशी येऊन पोचलो.

मर्केटरचा जन्म ५ मार्च १५१२ चा, फ्लँडर्समधल्या रुपेलमोंड गावचा. बाप जोडे शिवणारा, घरची ओढाताण. चुलता धर्मोपदेशक होता, त्याने पोराला शिकवलं. मूळ आडनाव क्रेमर, म्हणजे व्यापारी. विद्वानांत वावरायचं तर नाव लॅटिन हवं, म्हणून त्याचं मर्केटर झालं. लूवेनला गेमा फ्रिसियसकडे तो गणित शिकला आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याची कलाही त्याने हस्तगत केली. अक्षर इतकं देखणं की १५४० मध्ये त्याने तिरप्या अक्षरलेखनावर पुस्तकच काढलं. पुढच्याच वर्षी पृथ्वीचा गोल तयार झाला.

सारं सुरळीत चाललेलं असताना १५४४ साली त्याला धरून नेलं. आरोप पाखंडाचा. त्याच्याच गावच्या किल्ल्यात त्याने सात महिने काढले. त्याच यादीतल्या काही जणांना देहदंड झाला. विद्यापीठाने रदबदली केली, पुरावा सापडला नाही आणि तो सुटला. त्यानंतरही आठ वर्षं तो लूवेनला राहिला, मग १५५२ मध्ये बायकामुलांसह जर्मनीतल्या डुइसबर्गला गेला आणि तिथेच कायमचा स्थिरावला.

ज्याच्यामुळे त्याचं नाव उरलं तो नकाशा १५६९ चा. अठरा तावांचा, जोडला तर दोन मीटर रुंद. खलाशांची अडचण साधी होती: होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं, तर तो मार्ग गोलाकार पृथ्वीवर वळतो. तो कागदावर सरळ रेषेने दाखवायचा कसा? मर्केटरने रेखांश समांतर उभे केले. त्यामुळे ध्रुवांकडे सगळं आडवं ताणलं गेलं. मग त्याच प्रमाणात त्याने अक्षांशांमधलं अंतरही वाढवत नेलं. दिशांचे कोन शाबूत राहिले, क्षेत्रफळाचा मात्र बळी गेला. साठाव्या अक्षांशावर लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. एका खात्यात जमा करायचं तर दुसऱ्यात नावे टाकावं लागतंच; गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना हा हिशेब कुणालाच चुकवता आलेला नाही. अलीकडे त्याच्यावर युरोपला फुगवल्याचा आरोप करतात. मला तो अन्यायाचा वाटतो. त्याने नकाशा खलाशांच्या कामासाठी केला होता आणि शीर्षकातच तसं स्पष्ट म्हटलं होतं. तो वर्गाच्या भिंतीवर लावून देशांची मापं काढायचं काम आपण केलं. आज मोबाइलवर रस्ता दाखवणारे बरेचसे नकाशेही याच पद्धतीचे भाऊबंद आहेत.

याच नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर ध्रुवही आहे: मध्यभागी काळा पर्वत, भोवती चार बेटं आणि त्यांच्यामधून आत घुसणाऱ्या चार नद्या! इतका चोख गणिती, पण ऐकीव माहितीला त्यानेही जागा दिली. खलाशांना मात्र नकाशा लगेच वापरता आला नाही, कारण अंतरं किती वाढवायची याची कोष्टकं त्याने दिली नव्हती. ती एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने १५९९ मध्ये छापली.

तोवर मर्केटर गेला होता. १५९० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. २ डिसेंबर १५९४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याने देह ठेवला. नकाशांच्या संग्रहाला त्याने नाव योजलं होतं 'अ‍ॅटलास', तेही एका विद्वान राजाच्या नावावरून. १५९५ मध्ये त्याचा मुलगा रुमोल्ड याने तो प्रसिद्ध केला. त्यात स्पेन आणि पोर्तुगाल यांचे स्वतंत्र नकाशे नव्हते. ज्या देशांच्या जहाजांनी महासागर पालथे घातले, त्यांचीच पानं कोरी! ती १६०६ मध्ये योडोकस होंडियसने भरली.