कल्याण ते फिलाडेल्फिया : नकाशावर आनंदीबाई

ट्रॅव्हल-टूरिझमला ॲडमिशन घेतली की पहिल्यांदा जगाचा भूगोल समोर येतो. राजधान्या, चलनं, अक्षांश-रेखांश... पाठ करा, पेपर लिहा, विसरा! पण हाच भूगोल एका मुलीने अक्षरशः अंगावर झेलला होता. तीही आपल्याच शेजारची. पालेगावहून अंबरनाथ स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची, तिसरं स्टेशन कल्याण. डॉ. आनंदीबाई जोशी तिथल्या.

३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कोलकाता असा अर्धा देश आनंदीबाईंनी अठराव्या वर्षापर्यंत पाहिला. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ मात्र दहाच दिवसांत गेलं. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

पण शिकायचं कुठे? गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र धाडलं. भेट व्हायच्या आधीच त्या ‘मावशी’ झाल्या!

७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कोलकात्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. म्हणजे ५८ दिवस. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपकडे जाणाऱ्या आगबोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागत नव्हता, तरीही एवढा वेळ.

आता ॲटलास उघडा. कल्याण साधारण ७३ अंश पूर्वेला, फिलाडेल्फिया ७५ अंश पश्चिमेला. फरक १४८ अंश. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशेबाने जवळपास १० तास. इथे संध्याकाळची दिवेलागण होते तेव्हा तिकडे सकाळ असते.

पण आनंदीबाईंना जड गेले ते अक्षांश. कल्याण १९ अंश उत्तरेला, फिलाडेल्फिया ४० अंशांवर. इथे थंडी म्हणजे फार तर स्वेटर, तिथे बर्फ. साडी सोडायची नाही, मांसाहार करायचा नाही, हे त्यांनी पाळलं. थंडीत तब्येत ढासळत गेली, पण अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ ला विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची एम. डी. पदवी हातात आली.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली. पण त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगूनच. काम सुरूच झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्याच वयाच्या.

त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.

पुढच्या वेळी कुणासाठी टूर प्लॅन कराल तेव्हा तिकिटाच्या दरासोबत त्या जागेचे अक्षांश आणि त्या महिन्याचं तापमानही बघा. प्रवासी तिथे कसा राहील, हे तिथूनच कळतं.