विश्लेषण : चित्रासाठी कथक शिकणारे के. के. हेब्बर कोण होते?

नाचाचे चित्र काढायचे तर नाचणारी क्षणभर थांबायला हवी आणि ती थांबली की नाचही थांबतो. या पेचातून वाट काढायला चित्रकार के. के. हेब्बर स्वतःच कथक शिकले. जयपूर घराण्याचे पंडित सुंदरप्रसाद यांच्याकडे, तब्बल दोन वर्षे.

हेब्बर मूळचे कुठले?

कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर यांचा जन्म १९११ चा, उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावचा. यक्षगानाचा मुलूख तो. चित्रकलेसाठी ते मुंबईला आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले. १९४९-५० मध्ये पॅरिसच्या अकादमी ज्युलियनमध्येही शिकून आले. पण घर मुंबईतच केले.

नाच शिकून चित्रात काय आले?

त्यांना रंगमंच गाजवायचा नव्हता, लय अंगात मुरवायची होती. तीनतालाच्या १६ मात्रा पायाने मोजल्या की समेवर येताना भार कोणत्या पायावर जातो, गिरकीत मान केव्हा वळते, हे शरीराला आपोआप कळू लागते. शाईत याला फार महत्त्व. पेन्सिलीची रेघ खोडता येते, शाईची नाही. कागदाला हात लागण्याआधीच हालचाल ठाऊक असावी लागते.

गडचिरोलीतल्या रेला नृत्याचा व्हिडिओ मोबाइलवर मध्येच थांबवून पाहा. एकमेकींना धरून उभी असलेली रांग दिसेल, पण पाऊल पुढे पडणार होते की मागे, ते कळणार नाही. हेब्बर नेमके तेच टिपू पाहत होते. नाक-डोळे, दागिने यांचा तपशील ते बहुतेकदा गाळत. मोजक्या वळणदार रेषा, बस्स. ही रेखाटने १९६४ मध्ये ‘द सिंगिंग लाइन’ या पुस्तकात आली.

आणि रंगांचे काय?

तैलरंगात थरावर थर चढवता येतो, चुकले तर झाकता येते. हेब्बर यांनी जत्रा, सण, कष्टकरी माणसे असे बरेच काही त्यात रंगवले. १९६१ मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. कॅनव्हास मोठे आहेत, देखणेही आहेत. पण घुंगरांचा ठेका ऐकू येतो तो त्या एकरंगी शाईतच.